एवढंसं राहिलंय

मोजे काढून वजनकाट्यावर उभं राहायचं होतं. जानेवारीची सकाळ, बाहेर धुकं नुकतंच वर सरकलेलं, आणि काट्यावरची पोलादी पट्टी अशी गारठलेली की मंजुषाच्या पावलांतून निघालेली कळ थेट गुडघ्यात जाऊन बसली. दोन्ही हातांत दांडे धरून, समोर बघत ती उभी राहिली. यंत्र थोडा वेळ गप्प होतं, मग ते टुकटुकलं आणि शेजारच्या डबीतून कागदाची पट्टी बाहेर आली. डाएटिशियन वंदनाने ती फाडून घेतली, वाचली, पुन्हा एकदा वाचली. मंजुषा मोजे हातात घेऊन खुर्चीवर बसली. तिला आतून जवळजवळ हसूच येत होतं. केकचं भांडं उघडायच्या आधीच वासावरून कळतं की जमलाय, तसं तिला कळलं होतं की या वेळी वजन उतरलंय. का नाही उतरणार? गेला महिनाभर सांगितलेलं एकूण एक तिने केलं होतं. वंदना म्हणाली, "आंटी जी, ये तो थोड़ा बढ़ा है." आणि मग, अगदी गोड आवाजात, "देखिए, मशीन तो झूठ नहीं बोलती." यावर मंजुषा काही बोलणार, तोच शेजारी बसलेली तिची मुलगी अबोली फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, सच बोल दो ना यार. नोबडी इज जजिंग यू."

सच. बाकीचं सगळं मंजुषाने पोटात घातलं असतं. आईला यार म्हणणं तर कधीच अंगवळणी पडलं होतं. नवऱ्याच्या, देवेंद्रच्या बदल्यांपायी या मुलीचं लहानपण भोपाळ आणि बडोद्यात गेलं, तिला मराठी सगळं कळायचं पण तोंडातून हिंदीच बाहेर पडायची. पण सच? म्हणजे आतापर्यंत ती काय बोलत होती? मंजुषाला खोटं बोलता येत नाही, ही त्या घरातली जुनी थट्टा होती. साहेब घरी नाहीत असं फोनवर सांगायची वेळ आली, की देवेंद्र तिच्या हातातला फोन काढून अबोलीकडे द्यायचा, कारण एकदा मंजुषाने पलीकडच्या माणसाला सरळ सांगून टाकलं होतं, की आहेत, पण नाहीत म्हणून सांग म्हणाले. ही गोष्ट देवेंद्र पाहुण्यांना हसत हसत सांगायचा. तीच मुलगी आज एका परक्या, आपल्याच वयाच्या पोरीसमोर बसून तिला खरं बोल म्हणत होती. मंजुषाने मोजे घालायला सुरुवात केली. डावा मोजा उलटा घातला गेला आणि तो तिने तसाच राहू दिला.

वंदनाने मग सगळं पुन्हा विचारलं. सकाळी मेथीचं पाणी? घेतलं. नाश्त्याला मुगाचं धिरडं किंवा दलिया? खाल्ला. दुपारी दोन फुलके, वरण किंवा कढी, दही, कोशिंबीर? तेच. चार वाजता मूठभर भाजलेले चणे? तेच. संध्याकाळी साडेसातच्या आत एक फुलका आणि भाजी? त्याच्या आत. मध्ये काही, बिस्किट, नमकीन, मीठा? नाही. रात को उठकर? नाही. प्रत्येक नाहीला वंदना मान डोलवत होती, आणि त्या मान डोलवण्यात एवढी समजूत भरली होती की मंजुषाच्या कानशिलांत रक्त चढलं. अशाच समजुतीने तिने स्वतः कैक वर्षांपूर्वी अबोलीला विचारलं होतं, फुलदाणी मांजराने पाडली का गं? घरात मांजर नव्हतं. शेवटी वंदना म्हणाली, की होतं असं, काही जणांना प्लॅन झेपत नाही, गुडघे तर जास्त वाट बघू शकत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना भेटून इंजेक्शनचा विचार करायला हरकत नाही. हल्ली पुष्कळ जण घेतात. भूकच मरते.

खाली चंडीगडच्या सेक्टर सतराच्या फरशीवर ऊन नीट पसरलं होतं. अबोलीला मोहालीला ऑफिसला जायचं होतं, मीटिंग होती, तिने चालता चालता टॅक्सी मागवली आणि मग फोन कानाला लावून ती वडिलांना सांगत होती. हाँ पापा, बढ़ गया. नहीं पापा, मान ही नहीं रहीं. तिने फोन स्पीकरवर टाकला, आणि उन्हात उभ्या असलेल्या, शेंगा खाणाऱ्या, पोरांना फिरवणाऱ्या तमाम लोकांमध्ये देवेंद्रचा आवाज उमटला. तो रागावलेला नव्हता. फाइलवर सही करताना असतो तसा मोकळा आवाज होता. "अगं, मग घेऊन टाक ना इंजेक्शन. तुझा जिभेवर ताबा नाही, त्याला तू तरी काय करणार?" अबोलीने पुढच्या सोमवारची डॉक्टरांची वेळ तिथल्या तिथे घेऊन टाकली, आईच्या गालाला गाल लावला आणि टॅक्सीत बसून निघून गेली.

मंजुषा एका बाकावर बसली. समोर कारंजं बंद होतं, त्याच्या कठड्यावर एक म्हातारा सरदारजी डोळे मिटून चेहरा उन्हाकडे करून बसला होता, आणि गजक विकणारा आपल्या पाटीवरच्या माश्या हाकत होता. गुळाचा, तिळाचा वास येत होता. तिला गजक खावीशी वाटली नाही, आणि वाटली नाही याचाही संताप आला, कारण हे कोणाला सांगणार? जिभेवर ताबा नाही. ही जीभ. या जिभेने महिनाभरात चहात साखर पाहिली नव्हती. संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात तिने स्वतःच्या हातांनी वळलेले तिळाचे लाडू सगळ्यांना वाटले आणि स्वतः एक तोंडात टाकला नाही. कांचनवहिनींनी आग्रह केला तेव्हा तिने तो लाडू पदरात बांधून घरी आणला, आणि देवेंद्रला दिला. ते खोटं होतं? सव्वासातला ती एकटी टेबलाशी बसून आपला एक फुलका खायची तेव्हा गॅसवर या दोघांसाठी तूप घातलेली आमटी उकळत असायची. ते खोटं होतं?

आणि तिला तो प्लॅन आवडला होता. हे तर तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, सांगायची लाज वाटली होती. पहिल्या भेटीत वंदनाने तिला विचारलं, आंटी जी, आपको क्या पसंद है? आणि मंजुषाला उत्तर सुचेना. तिने सांगितलं की यांना वांग्याची भाजी आवडते, हिला पनीर. वंदना हसली, म्हणाली, आपको. मग बराच वेळ विचार करून तिने ताकातली कढी सांगितली आणि वंदनाने ती दुपारच्या जेवणात घातली. असंच खा की जे रोज जमेल, वंदना म्हणाली होती, चार दिवसांचं नाटक नको, जन्मभर खाता येईल असं ठरवू. आणि बैठकर खाइए. किती वर्षांत तिला कोणी बसून खा म्हटलं नव्हतं. ती बसली होती. रोज दुपारी दीड वाजता, क्वार्टरच्या त्या मागच्या खोलीत जिथे थंडीत ऊन येतं तिथे, वाटी, चमचा, ताट असं सगळं मांडून, परीक्षेला बसावं तशी. गरम फुलक्याची वाफ तोंडावर यायची. पहिला घास खाताना पहिल्या दिवशी तिला चक्क रडू आलं होतं, वेडेपणा नुसता. असा महिना गेला आणि त्या महिन्याचा निकाल म्हणे, खरं बोल.

बाकाची लोखंडी पट्टी मांडीखाली हळूहळू तापत होती. लग्नात ती कशी होती ते आता कोणाच्या गावीही नव्हतं. सांगलीतल्या त्या कार्यालयात देवेंद्रची एक मामी तिच्या देखत म्हणाली होती, की मुलगी गोड आहे पण फारच किडकिडीत, फुंकर मारली तर उडेल. मंजुषाची आई त्यावर ओशाळून हसली होती. आई स्वतः आयुष्यभर काटकुळी राहिली, पण तीही शेवटीच जेवायची, आणि ताट घ्यायची नाही. सगळ्यांचं झालं की ती स्वयंपाकघरात उंबऱ्याकडे पाठ करून बसे, भाताच्या पातेल्यातच उरलेली आमटी ओते, कालवे, आणि पातेल्यातूनच जेवे. एक भांडं कमी घासावं लागतं, म्हणे. ते पातेलं आतून इतकं लख्ख होई की घासायला राहायचं नाही काही. आणि मधूनच, मंजू अभ्यास करत असली तरी हाक यायची, "मंजू, एवढंसं राहिलंय गं. घालू?" ते एवढंसं म्हणजे कधी चमचाभर श्रीखंड असे, कधी खरवडलेला साबुदाणा. मंजू तोंड उघडे आणि आई ते बोटांनी तिच्या जिभेवर ठेवी. त्या बोटांचा वास अजून तिच्या नाकात होता. हळदीचा, राखेचा, आणि कसला तरी आईचाच.

लग्नानंतर तिने अंग धरलं तेव्हा तर कौतुकच झालं. सासूबाई, लीलावती, येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायच्या, आमच्याकडे आल्यापासून बघा कशी भरली. तो त्यांच्या घरचा मान होता. सासूबाईंचे नियम फार नव्हते, पण होते ते पक्के होते. पोळ्यांचा डबा कधी रिकामा दिसता कामा नये. जेवणाऱ्याने आणखी मागितली आणि डबा पालथा, अशी नामुष्की नको. भांड्याच्या तळाशी दोन घास उरलेच पाहिजेत. आणि अन्न टाकायचं नाही, उकिरड्यावर तर नाहीच, नालीत तर मुळीच नाही. लीलावतीबाई फरशीवर पडलेलं भाताचं शीत बोटाने टिपून तोंडात टाकत. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण भोपाळमध्ये, बडोद्यात, इथे, प्रत्येक क्वार्टरच्या स्वयंपाकघरात मंजुषाच्या आधी त्यांचे नियम जाऊन पोचलेले असायचे. एकदा, अगदी नव्यानेच चंडीगडला आल्यावर, तिने मोजून पोळ्या केल्या होत्या. जेवताना देवेंद्रने डब्यात हात घातला, डबा रिकामा. "संपल्या का?" एवढंच म्हणाला आणि हात मागे घेतला. तो मागे घेतलेला हात तिला आज या बाकावरही दिसला.

ती उठली, बस पकडून घरी आली. खिडकीशी बसून येताना बाहेर रस्त्याकडेची झाडं, चौकांतली फुलं, ट्रॅकसूट घालून धावणारी माणसं दिसत होती. या शहरात सगळे धावतात. देवेंद्रही रोज पहाटे सुखना तलावावर चालायला जातो, धुकं असो नाहीतर पाऊस. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं पोट असं सपाट, याचं मंडळात सगळ्यांना नवल. कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं: काही नाही हो, कंट्रोल. थोडी भूक राहिली असताना उठायचं. मी ताटात शेवटचे दोन घास नेहमी सोडतो. आणि लोक माना डोलावतात, बायका आपल्या नवऱ्यांकडे बघतात, आणि कोणीतरी मंजुषाकडेही बघतंच. अबोलीचंही तेच. तिला कुठल्याशा व्हिडिओमुळे पटलं होतं की आपलं पोट भरल्याची खूण शरीर देतं, ती ऐकायची. खूण आली की ती ज्या घासापाशी असेल त्या घासापाशी थांबते. अर्धी पोळी, अर्धी वाटी. बॉडी को सुनना सीखो मम्मा. आपलं शरीर काय सांगतंय ते मंजुषाने बसमध्ये ऐकून पाहिलं. ते फक्त थकलं होतं आणि त्याचा गुडघा दुखत होता.

संध्याकाळी तिने सगळं रोजच्यासारखं केलं. रोजच्यासारखं करणं हाच तिचा सूड होता. सव्वासातला आपला फुलका, वाटीभर दुधीची भाजी, टेबलाशी बसून, चावून चावून. मग वांग्याची भाजी, आमटी, कुकरचा भात. पोळ्या लाटताना तिच्या मनात वंदनाशी, अबोलीशी, देवेंद्रशी भांडण चालू होतं आणि ते इतकं रंगलं होतं की पोळ्या नेहमीपेक्षा पातळ आणि मोठ्या झाल्या. अबोली आली, हीटरपाशी पाय शेकत बसली. देवेंद्र आला. दोघं जेवायला बसले, तिने गरम गरम वाढलं. सोमवारच्या डॉक्टरांविषयी ते आपसांत बोलले. इंजेक्शन आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, पोटावर टोचायचं, अबोली देईल, काही कठीण नाही. मंजुषा तिथेच उभी होती, पण बोलणं तिच्याविषयी चाललं होतं, तिच्याशी नाही. भात कालवता कालवता देवेंद्र म्हणाला, बास, आणि ताट किंचित पुढे सरकवलं. त्याच्या ताटात भाताचा लहानसा ढीग होता, आमटी लागलेला, आणि पोळीचा एक तुकडा. अबोलीला खूण आली. तिची अर्धी पोळी आणि वांग्याची एक फोड राहिली. दोघं उठून हीटरपाशी गेले. मंजुषाने ताटं उचलली.

ती ओट्यापाशी उभी होती. बाहेरून देवेंद्रचा आवाज येत होता, तो हळू बोलत होता, म्हणजे त्याला वाटत होतं की तो हळू बोलतोय. "तिला बोलू नकोस गं जास्त. चोरून खाणाऱ्याला आपण चोरून खातोय हे कबूल करायला जड जातं. मी समजू शकतो." चोरून. मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं, ती गर्रकन वळली, दारापर्यंत गेली, आता बोलायचंच, आणि तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसता गुदमरल्यासारखा आवाज आला. कारण तोंड भरलेलं होतं. तोंडात अबोलीची उरलेली पोळी होती, तिच्यात वांग्याची फोड गुंडाळलेली, आणि ती चावत होती. केव्हापासून, ते तिला सांगता आलं नसतं. डाव्या हातात कढई होती आणि उजव्या हातातल्या तुकड्याने कढईची एक बाजू स्वच्छ पुसून झालेली होती.

ती दारात तशीच थांबली. मागे सरकली. तोंडातला घास तिला जड, कोमट आणि परका लागला, वांग्याला मीठ कमी पडल्याचंही तिला आत्ताच कळलं. टाकणार कुठे, म्हणून तिने तो गिळला. आणि मग ओट्याकडे अशी बघत राहिली, की जणू कोणी दुसरीच बाई तिथे रोज उभी असते. हे तिने वंदनाला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, हे खाणं आहे हेच तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. खाणं म्हणजे आपण वाढून घेतलेलं. हे आवरणं होतं. ओटा पुसणं, गॅस बंद करणं, एवढंसं राहिलंय ते संपवणं. चांगल्या पोळ्या सकाळी दारावर येणाऱ्या गोग्रासच्या गाडीत घालता येत, शेजारची बाई घालायचीही. पण उष्टं गाईला घालत नाहीत. उष्टं भांडी घासायला येणाऱ्या बाईला देता येत नाही, शोभत नाही. उष्टं फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. नवऱ्याचं उष्टं, लेकराचं उष्टं जाऊ शकतं अशी जगात एकच जागा असते, आणि ती जागा कढई हातात घेऊन इथे उभी होती. सकाळी अबोलीचा अर्धा पराठा, संध्याकाळी देवेंद्रच्या डब्यात परत आलेली भाजी, रात्री हे. थोडी भूक राहिली असताना उठायचं, वा. यांनी ताटात संयम सोडायचा आणि तो हिच्या अंगावर चढायचा. यांचं सपाट पोट, अबोलीची खूण, मंडळातलं ते कौतुक, सगळं हिने गिळलं होतं, रोज, उभ्या उभ्या. आणि आता ते जिरवायला हिच्याच पोटात सुई.

तिला लाज वाटायला हवी होती बहुतेक. वाटली नाही. यंत्र खरं बोललं होतं आणि तीही खरं बोलली होती, मग खोटं कोण होतं? तिने फळीवरून स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. तिचे चणे आणि दलिया मोजायला अबोलीने तो हौसेने आणला होता. तो काटा, देवेंद्रचं ताट आणि तळाची आमटी असलेलं पातेलं घेऊन ती बाहेर आली. टेबलावर काटा ठेवला, त्यावर वाडगा ठेवला, आणि वाडग्यात ताटातला भात, पोळीचा तुकडा, आमटी असं एकेक घालत गेली. काट्यावरचे हिरवे आकडे भराभर वर चढले. दोघं बघत होते.

"ये क्या कर रही हो मम्मा?"

"माझं जेवण," मंजुषा म्हणाली. "तुझी पोळी यात नाही, ती मी आत्ताच खाल्ली. हे मी त्या वंदनाला सांगितलं नव्हतं. मला हे माझं वाटलंच नाही कधी, तुमचंच वाटत होतं."

देवेंद्रने वाडग्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला खरोखरच कळलं नव्हतं, हे तिला दिसलं, आणि त्याचा तिला आणखीच राग आला. "अगं पण हे खायला तुला सांगितलं कोणी?" तो म्हणाला. "टाकून द्यायचं सरळ."

हे मात्र खरं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कोणीही, खा म्हणून नाही, खाऊ नको म्हणून नाही, एक अक्षर बोललं नव्हतं. ताट पुढे सरकवलं की ते नाहीसं व्हायचं, आणि कुठे जातं हा प्रश्न या घरात कोणाला पडला नव्हता.

"टाका," ती म्हणाली. "तुमच्या हाताने टाका."

देवेंद्र उठला. वाडगा घेऊन तो तावातावाने स्वयंपाकघरात गेला, कचऱ्याच्या डब्याची कळ पायाने दाबली. झाकण उघडलं. मंजुषा जागची हलली नाही, तिला इथूनही त्याची पाठ दिसत होती. तो उभा राहिला. झाकण उघडंच होतं, आत दुधीच्या साली आणि चहाचा चोथा असणार, आणि वाडगा त्याने थोडा तिरका केला, पुन्हा सरळ केला. लीलावतीबाईंचा मुलगा होता तो. पाय उचलल्यावर झाकण आपटलं. तो वाडगा घेऊन परत आला आणि टेबलापाशी बसला. त्याने अबोलीकडे पाहिलं. अबोली घाईने म्हणाली, "मैं तो फुल हूँ, पापा." मग त्याने चमचा घेतला आणि तो गार झालेला भात खायला लागला.

मंजुषाने कधी दुसऱ्या कोणाला हे खाताना बघितलं नव्हतं. भरल्या पोटी जबडा कसा नाखुशीने हलतो, घास घशाशी कसा थांबतो, मध्येच श्वास कसा सोडावा लागतो. त्याच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत. तिला कीव यायला हवी होती, थोडी आलीही, पण ती तिने येऊ दिली तेवढीच ठेवली. वाडग्याच्या तळाशी चमचा वाजला तेव्हा ती समोरची खुर्ची ओढून बसली. सोमवारचं डॉक्टरांचं तूर्त रद्द कर, असं तिने अबोलीला सांगितलं. आधी हे बंद होऊ दे, मग सुईचं बघू. अबोलीने तिथेच फोन काढून ती वेळ रद्द केली.

"आता उद्याचं सांगा," मंजुषा म्हणाली. "संध्याकाळी पोळ्या किती? तुमच्या किती, हिच्या किती. सांगाल तेवढ्याच लाटीन. डब्यात एक जास्त राहणार नाही आणि ताटात काही उरणार नाही."

"कैसे बताऊँ अभी से?" अबोली म्हणाली. "भूख पे डिपेंड करता है ना."

"तुझी भूक आहे. तुलाच माहीत असणार."

अबोली हीटरच्या लाल तारांकडे बघत राहिली. देवेंद्रने काहीतरी हिशेब केल्यासारखी बोटं हलवली. ऑफिसात त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती. त्याने पुन्हा बोटांकडे पाहिलं आणि मग, अगदी खराच प्रश्न पडल्यासारखं, तिला विचारलं, "मी किती खातो गं?"

तिला माहीत होतं. थंडीत अडीच. वांगं असलं तर तीन, आणि वर भात मागून मग अर्धा सोडायचा. बदलीच्या गोष्टी सुरू झाल्या की दीड. आईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी काहीच नाही, नुसतं ताक, आणि का ते त्याला स्वतःलाही कळत नाही. अबोलीची भूक ती पायातले बूट काढायच्या आवाजावरून ओळखायची. या दोघांची भूक तिला त्यांच्यापेक्षा आधी लागत होती, इतकी वर्षं, आणि तिच्या भुकेविषयी एका परक्या पोरीने पहिल्यांदा विचारलं तर तिला उत्तर देता आलं नव्हतं. देवेंद्र वाट बघत होता. त्याच्या मिशीला भाताचं एक शीत लागलं होतं, आणि सवयीने तिचा हात ते टिपायला पुढे गेला, अर्ध्यावर पोचला. तिने तो मागे घेतला.

"मला नाही माहीत," मंजुषा म्हणाली.

आणि हे ती खोटं बोलली. दोघांनीही त्यावर लगेच विश्वास ठेवला.